डॉक्टर खान आहे, घर कुणाचे?

हिंदी पडद्यावरचा खान कोण असतो, हे आम्हाला सवयीने ठाऊक झाले आहे. तो दिलदार दोस्त असतो, शायर असतो, गुंड असतो, नाहीतर देशभक्तीची परीक्षा देणारा असतो. गौरी शिंदे यांच्या ‘डिअर जिंदगी’त (२०१६) मात्र तो मनाचा डॉक्टर झाला. जहांगीर खान हे त्याचे नाव. त्याच्या धर्माची चर्चा नाही, त्याला कुठली सफाई द्यावी लागत नाही. एवढ्यासाठीही या चित्रपटाचे आम्ही स्वागत करतो. पण स्वागत केले म्हणजे समीक्षा संपत नाही.

कायरा ही छायाचित्रणाच्या क्षेत्रात काम करणारी तरुणी. मुंबईचे घर सुटते, झोप उडते, ती गोव्याला आईवडिलांकडे येते आणि डॉक्टर खानकडे जाऊ लागते. मनाचा इलाज घेणारी माणसे वेडी नसतात, हे चित्रपट सोप्या भाषेत सांगतो. शेवटच्या भेटीत कायरा त्याला पुन्हा भेटू पाहते, तेव्हा डॉक्टर मर्यादा सोडत नाही. नायक-नायिकेला एकत्र आणल्याशिवाय न राहणाऱ्या हिंदी सिनेमात हा संयम मोलाचा आहे. आईवडिलांकडेही चुका करू शकणारी साधी माणसे म्हणून पाहावे, हा त्याचा सल्लाही शहाणपणाचा आहे.

अडचण पुढे आहे. कायरा स्वतः कमावते. डॉक्टरची फी द्यायला तिला वडिलांपुढे हात पसरावा लागत नाही, बाहेर पडायला आईची परवानगी लागत नाही. त्यामुळे तिच्या घरातल्या नाराजीला धारच नाही. लहानपणी आजी-आजोबांकडे ठेवले गेल्याची जखम सापडते आणि मग गाठी भराभर सुटतात. गोळ्या नाहीत, सरकारी दवाखान्यातली रांग नाही. समुद्रकिनारी चालता चालता माणूस बरा होतो. इलाज इतका देखणा असता तर कुठल्या बापाने नाही म्हटले असते?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ या बाबतीत अधिक प्रामाणिक वाटतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळवलेल्या या मराठी चित्रपटातील तरुण नैराश्याने इतका ग्रासलेला आहे की त्याला बोलतेही करता येत नाही. स्वतः नैराश्यातून गेलेली जानकी त्याला कोकणच्या किनाऱ्यावर आसरा देते, प्रश्न न विचारता वाट पाहते. इथे बरे होणे संथ आहे, म्हणून खरे आहे. पण आसरा मिळतो तो परक्या बाईकडे. याच दिग्दर्शकांच्या ‘देवराई’त (२००४) आजारी भावामागे बहीण उभी राहते. म्हणजे एका चित्रपटात आईबाप आरोपी, दुसऱ्यात आधार देणारी परकी, तिसऱ्यात बहीण. एकाच छपराखाली राहून, शंका घेणाऱ्या अम्मी-अब्बांना राजी करणारे मूल या तिन्हींत नाही.

आमच्या मोहल्ल्यातले मूल नेमके तेच आहे. बारावीचा किंवा कॉलेजचा पोरगा रात्र रात्र जागतो, पोरगी ताट सरकवून उठते. अम्मी म्हणते, “नमाज पढ, दिल कू सुकून मिलेगा.” खाला नजर उतरवते. अब्बा म्हणतात, “मोबाईल कमी कर.” या बोलण्यात माया आहे आणि भीतीही आहे. मुलीचा रिश्ता मोडेल ही भीती, लोक ‘पागल’ म्हणतील ही भीती, गोळ्यांची सवय लागेल ही भीती, आणि कमाईच्या चार पैशांतून फी कुठून काढायची ही चिंता. या भीतीला अडाणीपणा म्हणून हिणवणारा लेखक आमच्या कामाचा नाही. तिला धर्माचे कवच चढवणाराही नाही.

दुआ आणि दवा यांचे भांडण आपल्या परंपरेत नव्हतेच. प्रत्येक आजारावर इलाज आहे, ही हदीस घराघरांत सांगितली जाते; मग मनाचा आजार त्यातून कुणी वगळला? अबू झैद अल-बल्खी यांनी हजारेक वर्षांपूर्वी शरीर आणि मन या दोन्हींच्या स्वास्थ्यावर एकच ग्रंथ लिहिला. त्यात राग, भय, दुःख आणि पिच्छा न सोडणारे विचार यांची चर्चा आहे. दुसरीकडे ६ ऑगस्ट २००१ ची तमिळनाडूतील एरवाडीची आग आहे. दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या खासगी आश्रमात साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण तिच्यात मेले. त्यांनाही घरच्यांनीच, बरे होतील या आशेने, तिथे सोडले होते. या दोन टोकांमध्ये आमच्या कथाकारांना केवढा तरी मजकूर पडून आहे.

मुस्लिम मराठी साहित्याने दंगल लिहिली, तलाक लिहिला, गरिबी आणि ओळखीचा पेच लिहिला. ते आवश्यकच होते. पण त्याच घरातल्या आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून झोपलेला मुलगा आमच्या वाचनातील कथांत क्वचितच भेटतो. त्याच्यावर लिहिणाऱ्याला आजचे वास्तव माहीत हवे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार मिळणे हा हक्क ठरवला आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले. सज्ञान व्यक्ती स्वतः डॉक्टरकडे जाऊ शकते. अल्पवयीन मुलासाठी मात्र पालकाची साथ लागते. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे. पहिला फोन करायला फी लागत नाही.

कायदा दार उघडतो, पण उंबरठा घरातच असतो. तो ओलांडताना अब्बा पुढे होऊन सायकल काढतात की पाठ फिरवतात, यावर एक संपूर्ण कादंबरी उभी राहू शकते. पडद्याने आम्हाला डॉक्टर खान दिला. त्याच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर अवघडून बसलेली अम्मी आमच्या लेखकांनीच लिहायला हवी.