भिंत, गज आणि प्रोजेक्टर

बर्लिनची भिंत 9 नोव्हेंबर 1989 च्या रात्री उघडली. तिच्यावर चढून नाचणारी माणसं आपण बातम्यांत इतक्यांदा पाहिलीत, की त्यांच्याकडे आता नीट बघणंही होत नाही. युर्गेन ब्योटशर यांचा ‘दी माउअर’ (1990) हा माहितीपट तो जल्लोष कडेला ठेवतो आणि आपल्याला भिंतीजवळ नेऊन उभं करतो. निवेदन अजिबात नाही. माणसांचं बोलणं जाता-येता कानावर पडेल तेवढंच.

ऐकू येते ती छिन्नी. पोट्सडामर प्लाट्झच्या परिसरात कुणी हौसेनं, कुणी तुकडे विकायला, कुणी नुसताच राग काढायला काँक्रीट फोडतंय. थॉमस प्लेनर्ट यांचा कॅमेरा घाई करत नाही. आतले गज उघडे पडतात, भोक रुंदावतं. कामाचे आवाज ऐकण्याची ही सवय ब्योटशर यांची जुनीच. पूर्व जर्मनीच्या ‘डेफा’ या सरकारी चित्रसंस्थेत त्यांनी कामगारांवर लघुपट केले. ‘रांगीरर’मध्ये (1984) रेल्वे यार्डातले कामगार निवेदनाशिवायच भेटतात. त्यांचा कथापट सरकारनं 1966 मध्ये अडवला, तो प्रेक्षकांपुढे आला थेट 1990 मध्ये. अशा माणसाला भिंत पडताना घोषणा द्याव्याशा वाटल्या नाहीत, याचं मला फार अप्रूप आहे.

कॅमेरा पोट्सडामर प्लाट्झच्या बंद भुयारी स्थानकातही उतरतो. 1961 मध्ये भिंत उभी राहिल्यावर पश्चिमेच्या गाड्या इथून न थांबता जात. फलाटावरच्या धुळीत फाळणी जशी अंगावर येते, तशी वर, गर्दीत, येत नाही.

ब्योटशर मूळचे चित्रकार. ‘श्ट्रावाल्डे’ या नावानं चित्रं काढणारे. म्हणूनच की काय, जुन्या चित्रफिती ते संकलनात मध्येच जोडून देत नाहीत, त्या भिंतीवरच प्रोजेक्टरनं पाडतात. कॅनव्हासचा पोत रंगातून वर यावा, तसे काँक्रीटचे खड्डे चित्रफितींतल्या चेहऱ्यांतून वर येतात. 1961 मध्ये जीव मुठीत धरून पळणारी माणसं, त्यांना अडवण्यासाठीच वाढत गेलेल्या भिंतीवर दिसतात. सगळ्या माहितीपटात दिग्दर्शक उघडपणे बोलतो तो एवढाच. भिंतीवर पाडलेल्या नाझींच्या संचलनापाशी हे बोलणं थोडं ठळक होतं. इतिहासाची उजळणी चाललीय असं वाटतं. पळणाऱ्यांच्या दृश्यांत मात्र प्रोजेक्टरची ही योजना सोळा आणे खरी ठरते.