मोह की परीक्षा?

बेळगावच्या मराठी साहित्याची हकिगत सांगायला आपण बसलो की १९५६ च्या अलीकडेच घुटमळत राहतो. सीमाप्रश्नाने आपले सारे लक्ष वेधून घेतले, त्याला इलाज नव्हता. पण त्याच्या शंभर वर्षे आधी याच गावच्या एका तरुणाने मराठीतली पहिली सामाजिक कादंबरी लिहिली, ही गोष्ट आपल्याला ठाऊक असते ती केवळ एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले, येथल्या मिशनच्या शाळेत शिकले, १८५४ साली येथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १८५७ साली त्यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. त्याआधीची त्यांची दोन पुस्तके मात्र फारशी कोणाच्या बोलण्यात नसतात. १८५२ चा 'स्त्रीविद्याभ्यास निबंध' आणि १८५४ चा 'व्यभिचारनिषेधक बोध'. विशी ओलांडलेला एक मुलगा दोन वर्षांच्या अंतराने एकदा स्त्रियांना शिकवा म्हणतो आणि एकदा पुरुषांनो, आवरा म्हणतो. हे दोन विषय त्याला एकाच सुमारास का सुचावेत, या प्रश्नाने मला गेली काही वर्षे बरेच छळले आहे.

छळण्याचे कारण खासगी आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत 'मनन' नावाचा एक लेखनप्रकार आहे. उपासनेत, तरुण संघाच्या बैठकीत किंवा उपवासकाळातल्या संध्याकाळी वाचायचे दोन-अडीच पानांचे टिपण. वर एक वचन, खाली त्याचे विवरण, मग व्यवहारातला एखादा दाखला, शेवटी लहानशी प्रार्थना. समीक्षकांनी या प्रकाराकडे ढुंकूनही पाहिलेले नाही. एका अर्थी बरोबरच आहे, कारण त्यात बरेचसे पाट्या टाकणेच असते. पण रेव्हरंड टिळकांची कविता ज्यांच्या कानी कधी पडली नाही अशा घरांतही मनन पोचलेले आहे, आणि माणसांच्या मनाचे वळण कवितेपेक्षा अशा टिपणांनीच अधिक घडते. त्यातला एक हमखास विषय म्हणजे 'स्त्रीचा मान राखा, मोहाला बळी पडू नका'. वीसेक वर्षे मी स्वतः अशी मनने लिहिली आणि वाचली. तेव्हा पुढे जी टीका येईल, तिच्यातली निम्मी माझ्याच हस्ताक्षरावरची आहे असे वाचकांनी समजावे.

आधी शब्दाचेच पाहू. प्रभूच्या प्रार्थनेत जिथे पेइरास्मोस हा ग्रीक शब्द आहे, तिथे आपल्या पवित्र शास्त्रात 'परीक्षा' असा शब्द पुष्कळ काळापासून रुळला आहे. बोलताना मात्र आपण सर्रास 'मोह' म्हणतो. ग्रीक शब्दात दोन्ही अर्थ बसतात, मराठीत मात्र या दोन शब्दांचे संसार वेगळे आहेत. 'मोह' म्हटले की जे मोहात पाडते ते डोळ्यांसमोर येते. मोहिनी येते, मेनका येते, बिचारा विश्वामित्र येतो. 'परीक्षा' म्हटले की जो पेपर लिहायला बसला आहे तो समोर येतो. नापास झाला तर दोष प्रश्नपत्रिकेचा नसतो. आमच्या मननांत वचन वाचताना 'परीक्षा' असे, आणि विवरण सुरू झाले की दुसऱ्याच वाक्यात तिचा 'मोह' झालेला असे. एवढ्याशा बदलाने खटल्यातला आरोपी बदलतो, हे मला फार उशिरा कळले.

दावीद आणि बथशेबा यांची गोष्ट घ्या. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायावर मी निदान चार मनने लिहिली असतील. चारांतही बथशेबा गच्चीवर स्नान करीत होती आणि 'स्त्रियांनीही विवेक बाळगावा' असे एक वाक्य होते. पुढे एकदा तोच अध्याय सावकाश वाचला. गच्चीवर कोण आहे? दावीद आहे. तो आपल्या राजवाड्याच्या गच्चीवर फिरतो आहे आणि तिथून त्याला ती दिसते. ती कुठे स्नान करीत होती हे शास्त्रात सांगितलेलेच नाही. उलट ते स्नान शुद्धीच्या नियमाप्रमाणे होते, असे सुचवणारा उल्लेख पुढे आहे. अध्यायाचे पहिले वाक्यच असे आहे की राजे लढाईला निघतात तो हा हंगाम होता, आणि दावीद मात्र यरुशलेमेत राहिला होता. लेखकाने बोट कुठे ठेवले आहे हे याहून स्पष्ट ते काय सांगायचे? मग दूत जातात आणि तिला आणतात. तिचा नवरा उरीया रणात मारवला जातो. नाथान संदेष्टा येऊन जी गोष्ट सांगतो, तीत श्रीमंत माणसाने गरिबाची एकुलती एक कोकरी कापलेली असते. कोकरीने विवेक बाळगायला हवा होता असे नाथान म्हणत नाही. ते म्हणणारे आम्ही.

मननकारांचा आवडता नायक योसेफ. पोटीफरच्या बायकोने वस्त्र धरले, ते तिच्या हातात टाकून तो पळाला. पळून जाणे हाच मोहावरचा उपाय, असा निष्कर्ष काढायला ही कथा सोयीची आहे, आणि पौलानेही करिंथकरांस लिहिताना पळ काढण्याचाच सल्ला दिला आहे. तेव्हा त्यात खोटे काही नाही. पण योसेफाची ही कथा उत्पत्तीच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात आहे आणि अडतिसावा अध्याय आम्ही कोणी कधी वाचला नाही. त्यात यहूदा आहे, योसेफाचाच भाऊ. विधवा सुनेला तो तिचा हक्क देत नाही, माहेरी धाडून देतो. वाटेत बुरखा घेतलेली तीच सून त्याला वेश्या वाटते आणि तो तिच्याकडे जातो. तिला दिवस गेले हे कळताच, तिला जाळून टाका, असे तोच म्हणतो. तामार त्याची मुद्रा आणि काठी पुढे करते तेव्हा त्याला कबूल करावे लागते की माझ्यापेक्षा हीच नीतिमान. रचणाऱ्याने हे दोन अध्याय शेजारी उगीच ठेवले नसावेत. आम्ही त्यांतला एक तरुणांना दिला आणि दुसरा घडी घालून ठेवला. पुढे मत्तयाने येशूची वंशावळ लिहिली, तिच्यात या तामारेचे नाव मुद्दाम घातले आहे.

डोंगरावरच्या प्रवचनात कामेच्छेने पाहणारा मनात व्यभिचार करून चुकला असे येशू म्हणतो, आणि लगोलग डोळा उपटण्याचे ते कठोर बोलणे येते. येथे उपटायला सांगितलेला डोळा पाहणाऱ्याचा आहे. बाईने काय नेसावे, कुठून जावे याबद्दल तिथे एक अक्षर नाही. तरी या वचनावरची आमची मनने वेशभूषेवर घसरत. (सिनेमाच्या पोस्टरांवर तर हमखासच. त्या बिचाऱ्या पोस्टरांनी आमची किती पाने भरून दिली!)

योहानाच्या आठव्या अध्यायातल्या बाईची गोष्ट ख्रिस्तेतर वाचकांनाही माहीत असते. व्यभिचारात धरलेली बाई आणतात, येशू जमिनीवर काहीतरी लिहितो, दगड घेऊन आलेले एकेक करून निघून जातात. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे शिक्षा दोघांनाही होती. पुरुष कुठे गेला, हा प्रश्न त्या जमावात कोणाला पडला नाही, आणि आमच्या मननांतही पडला नाही. हा उतारा सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, हे अभ्यासकांना माहीत आहे. त्याबद्दल संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात एक मजेदार गोष्ट नोंदवली आहे. काही अल्पविश्वासी लोकांनी हा उतारा आपल्या प्रतींतून काढून टाकला असावा, कारण बायका यामुळे सोकावतील अशी त्यांना भीती वाटली, असे त्याचे म्हणणे आहे. ते तसेच घडले असे आजचे अभ्यासक सहसा मानत नाहीत. पण ऑगस्टीनला ते संभवनीय वाटले यातच त्या नवरेमंडळींची ओळख पटते. आम्ही उतारा काढला नाही, एवढाच आमचा मोठेपणा. आम्ही त्यातले शेवटचे 'पुन्हा पाप करू नकोस' एवढे घेतले आणि तेही तिच्याच पदरात टाकले.

पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय तर विवाहप्रसंगी ठरलेला. त्यात स्त्रीला नाजूक पात्र म्हटले आहे, आणि त्या नाजूकपणावर आमची बरीच शाई सांडली. पण त्याच वाक्यात, तिला मान द्या, जीवनाच्या कृपादानाची तीही तुमच्याबरोबर वारस आहे, असे आहे. आणि शेवटी, असे न केल्यास तुमच्या प्रार्थनांत खंड पडेल, असा इशारा आहे. घरात बायकोचा अपमान करून देवळात गुडघे टेकणाऱ्याची प्रार्थना वर पोचत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. हे शेवटचे अर्धे वाक्य घेऊन लिहिलेले मनन माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता पुन्हा पदमनजींकडे येतो. 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' हे त्या पुस्तकाचे पूर्ण नाव. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला, पुस्तक पुढच्याच वर्षी आले. कादंबरी म्हणून ते कच्चे आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. यमुना सुरुवातीपासूनच इतकी समंजस आणि पक्क्या विचारांची आहे की तिच्या मनात कधी काही हलले असे वाटत नाही. विनायकराव, तिचा नवरा, चांगला आहे, आणि चांगला आहे याहून अधिक त्याच्याविषयी आठवत नाही. शेवटी यमुनेचे वैधव्य, तिचा ख्रिस्ती होणे, पुनर्विवाह, हे सारे प्रचारकाच्या घाईने होते. ख्रिस्ती घरात पाऊल टाकले की स्त्रीचा प्रश्न सुटला, असे लेखकाला तरुणपणी वाटत असावे.

पण या कच्च्या पुस्तकाने एक गोष्ट केली, ती आमच्या पिकलेल्या मननांना साधली नाही. यमुना आणि विनायकराव प्रवास करतात आणि गावोगाव त्यांना विधवा भेटतात. त्या बोलतात. केशवपनाविषयी, उपासमारीविषयी, घरातल्याच माणसांच्या जाचाविषयी त्यांचे ते बोलणे पानेच्या पाने चालते, कथानकाची पर्वा न करता चालते; आजचा संपादक ते निम्मे कापील. मोह, पाप, अब्रू हे शब्द तिथे येतात ते ज्यांच्यावर गुदरले त्यांच्या बाजूने येतात. आमच्या मननांत स्त्री सतत दिसत होती, गच्चीवर, वाटेवर, पोस्टरवर. बोलत ती कधीच नव्हती. पदमनजींना दोन विषय एकाच सुमारास का सुचले याचे मला सापडलेले उत्तर एवढेच आहे: लिहितावाचता न येणाऱ्या बाईची बाजू दुसरेच कोणीतरी सांगते, आणि सांगणारा बहुधा तोच असतो ज्याला व्यभिचाराचा निषेध ऐकवायला हवा. हे त्यांनी अमुक पानावर असे मांडले आहे असा माझा दावा नाही. मला दोन नावे शेजारी ठेवल्यावर असे दिसते.

ख्रिस्ती घराच्या आतली हकिगत सांगायला पुढे लक्ष्मीबाई टिळक याव्या लागल्या. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० साली. मधल्या वर्षांतली ताटातूट आणि नंतर एकत्र आल्यावरही त्यांनी सांभाळलेले सोवळे 'स्मृतिचित्रां'त आहे, आणि टिळकांचा संतापी स्वभावही आहे. मान राखणे म्हणजे काय हे तिथे वचनावरून कळत नाही, चुलीपाशी कळते. आणि पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्तिसदनात, ज्यांना समाजाने वाईट ठरवले अशा स्त्रियांसाठी कृपासदन काढले. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत शास्त्राचे भाषांतर करण्यात त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे घातली; ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी बाहेर पडले. आश्रमातल्या स्त्रियांनीच ते छापले. मोहाचे मूर्तरूप म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाई, त्यांच्यातल्या कितीकींचे हात त्या खिळ्यांना लागले असतील.

गेल्या उपवासकाळात मला पुन्हा एक मनन वाचायला सांगितले. आमच्या देवळात अजून बहुतेक वयस्क माणसे जुन्या रीतीने बसतात, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. मी दावीदाचा तोच अध्याय घेतला आणि गच्चीवर कोण होते ते सांगितले. माझी मागची चार मनने चुकली होती हेही सांगितले. पुरुषांच्या बाकांवर थोडी चुळबूळ झाली. संपल्यावर एक म्हातारी बाहेर पायरीवर भेटल्या. त्यांना मी लहानपणापासून मावशी म्हणतो.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "आज पहिल्यांदा आमच्या बाजूला बघून बोललासा."

मग जरा थांबून त्यांनी विचारले, "तिचं ते पोर पुढं गेलं नव्हं? ती रडली काय, ते लिवलंय काय?"

मी आठवून सांगितले की दावीदाने सात दिवस उपास केला, जमिनीवर पडून राहिला, हे सारे लिहिले आहे. नवरा मेला तेव्हा तिने शोक केला, असे आहे. पोराच्या वेळचे, दावीदाने तिचे सांत्वन केले, एवढेच आहे.

"एवढंच," असे म्हणून त्या गीतांची पुस्तके गोळा करायला आत गेल्या.