चांगले व्याख्यान आणि चांगला अभ्यासक्रम : एनपीटेल व स्पोकन ट्यूटोरियल यांचे परीक्षण

तुमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर सत्राच्या सुरुवातीला एखादी सूचना लागली असेल : अमुक तारखेपर्यंत ‘स्वयम्’वर एका अभ्यासक्रमासाठी नोंदणी करा, प्रमाणपत्र आणून द्या, श्रेयांक मिळतील. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम असे ऑनलाइन पूर्ण करता येत होते; २०२१ च्या नियमांनी ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. म्हणजे तुमच्या पदवीचा बराच मोठा भाग आता अशा मंचांवर मिळू शकतो. तेव्हा पाठ्यपुस्तकाचे परीक्षण करतो तसे या मंचांचेही करायला हवे. मी इथे दोनच घेतो, कारण वर्गात मी हे दोन्ही वापरले आहेत.

एनपीटेल २००३ मध्ये सुरू झाले. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांचा हा एकत्रित उपक्रम. २०१४ पासून त्यात प्रमाणपत्र देणारे अभ्यासक्रम आले आणि आज अभियांत्रिकीचा क्वचितच एखादा विषय तिथे नसेल. त्याचे मोठेपण मान्य करूनच पुढे जाऊ. लहान गावातील महाविद्यालयात, जिथे एखाद्या विषयाला शिक्षकच मिळत नाही, तिथल्या विद्यार्थ्याला फळ्यावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत केलेली सिद्धता विनामूल्य पाहायला मिळते. मी स्वतः काही विषय शिकवण्यापूर्वी ही व्याख्याने पाहतो. त्यात कमीपणा वाटत नाही.

अडचण व्याख्यानाच्या दर्जात नाही, ती दुसरीकडे आहे. आमच्या एका विद्यार्थ्याने विद्युत परिपथांवरील अभ्यासक्रम केला होता. थेव्हेनिनच्या प्रमेयाचे व्हिडिओ त्याने दोनदा पाहिले होते आणि साप्ताहिक असाइनमेंटमध्ये गुणही चांगले होते. मी त्याला फळ्यावर एक साधे गणित दिले. तुम्हीही वहीत काढा : १० व्होल्टचा स्रोत, त्याच्याशी एकसर जोडणीत २ ओहमचा रेझिस्टर, त्याचे दुसरे टोक एका नोडला, नोडपासून ग्राउंडपर्यंत ६ ओहमचा रेझिस्टर, आणि २ ओहममधून नोडकडे जितका प्रवाह येतो त्याच्या दुप्पट प्रवाह त्याच नोडमध्ये सोडणारा एक अवलंबी स्रोत. नोड आणि ग्राउंड या दोन टोकांमधला थेव्हेनिन रेझिस्टन्स काढायचा.

त्याने सगळे स्रोत शून्य केले, अवलंबी स्रोतसुद्धा. उरलेले २ आणि ६ ओहम समांतर, उत्तर १.५ ओहम. बरोबर उत्तर ०.६ ओहम आहे, कारण अवलंबी स्रोत शून्य करता येत नाही. टोके उघडी ठेवली तर व्होल्टेज ९ व्होल्ट येते, ती जोडून टाकली तर प्रवाह १५ अँपिअर. दोघांचा भागाकार ०.६. तो म्हणाला, “सर, हे तर व्हिडिओत सांगितलं होतं.” खरेच सांगितले होते. ऐकताना त्याला ते पटलेही होते. पण पटणे आणि करता येणे यांतले अंतर त्याला फळ्यासमोर उभे राहीपर्यंत कळले नाही.

यात त्या मुलाला दोष देण्याचे कारण नाही. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने सफाईदार व्याख्यान ऐकले, दुसऱ्याने तोच मजकूर स्वतः गणिते सोडवत शिकला. चाचणीत दुसरा गट पुढे होता. पण ‘आपण किती शिकलो’ असे विचारल्यावर व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असे वाटत होते. वक्ता जितका सफाईदार, तितका हा भास पक्का. एनपीटेलवर वक्ते उत्तम आहेत, ही त्या दृष्टीने थोडी पंचाईतच म्हणायची.

मग असाइनमेंट कशासाठी असतात? बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बारापैकी सर्वोत्तम आठ धरतात, त्यांच्या सरासरीला २५ गुण. उरलेले ७५ केंद्रावर होणाऱ्या परीक्षेला. केंद्रावरील परीक्षा ही फार चांगली गोष्ट आहे. पण ‘सर्वोत्तम आठ’ याचा व्यवहारातला अर्थ असा की चार आठवडे कोरे सोडले तरी गुणांत फरक पडत नाही, आणि विद्यार्थी नेमके कोणते आठवडे सोडतात हे सांगायला नको. दुसरे म्हणजे बहुतेक प्रश्न बहुपर्यायी किंवा एका अंकी उत्तराचे. वरच्या गणितात १.५ लिहिले तर शून्य गुण मिळतात. अवलंबी स्रोत चुकून शून्य केला हे मात्र कोणी सांगत नाही. मुदतीनंतर उत्तरे दिसतात, पण ती शिक्षकाची रीत दाखवतात. तुमची चूक कुठल्या ओळीत आहे ते तुम्हालाच शोधावे लागते. आणि तीच उत्तरे मुदतीआधी मोबाइलवरच्या गटांत फिरत असतील, तर उरलेसुरले शोधणेही संपते.

याच मंचावर प्रोग्रॅमिंगचे अभ्यासक्रम मात्र वेगळे वागतात. तिथे तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅम यंत्रणा चालवून पाहते, आणि काही तपासण्या तुम्हाला आधी दाखवतच नाही. दाखवलेल्या उदाहरणापुरता जुळवलेला प्रोग्रॅम तिथे पकडला जातो. त्यामुळे सरसकट ‘एनपीटेल चांगले की वाईट’ असे विचारू नका. अभ्यासक्रम निवडताना त्याचे असाइनमेंट उघडून पाहा.

आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल अगदी निराळ्या विचाराने बांधलेले आहे. सायलॅब, पायथॉन, लाटेक, लिबरऑफिस अशी मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे, सुमारे दहा मिनिटांचे ध्वनिचित्रमुद्रित धडे. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर प्रत्यक्ष सॉफ्टवेअर. थांबवा, करून पाहा, जुळले तर पुढे जा. धड्याची संहिता तो विषय न येणाऱ्या माणसाकडून तपासून घेण्याची पद्धत आहे, हे मला विशेष आवडते. आम्ही शिक्षक नोट्स लिहितो तेव्हा असे कोणाला विचारतो? निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे, पडद्यावरचे मेनू मात्र इंग्रजीतच राहतात. हे योग्यच आहे, कारण नोकरीच्या ठिकाणी मेनू इंग्रजीतच असणार. इंग्रजी व्याख्यान ऐकताना गप्प बसणारा मुलगा मराठी निवेदन ऐकून प्रयोगशाळेत शेजाऱ्याला समजावून सांगू लागतो, हे मी पाहिले आहे.

पण त्याची मर्यादाही लहान नाही. बरेच धडे सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांवर केलेले आहेत. सांगितलेले बटण तुमच्या पडद्यावर दुसरीकडे असते आणि नवशिका तिथेच अडतो. शिवाय ही पद्धत साधन हाताळायला शिकवते. सायलॅबमध्ये मॅट्रिक्सचा व्यस्त कसा काढायचा ते कळेल; तो केव्हा अस्तित्वात नसतो, ते गणिताच्या तासालाच कळणार. नक्कल बिनचूक जमली की शिकलो, असा भास इथेही होतोच, फक्त तो हाताला होतो.

मी सध्या दोन्हींची सांगड घालतो. एनपीटेलच्या व्याख्यानात गणित मांडले की व्हिडिओ थांबवायचा, वहीत उत्तर काढायचे, मगच पुढे पाहायचे. आणि तेच गणित सायलॅबमध्ये पडताळायचे. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो आणि विद्यार्थी कुरकुर करतात. वर सांगितलेल्या मुलाने मात्र पुढच्या आठवड्यात स्वतःच एक परिपथ रचून आणला. त्यात थेव्हेनिन रेझिस्टन्स ऋण येत होता, आणि असे होऊ शकते का, हे त्याला विचारायचे होते.