गाझी, टॉर्पेडो आणि पायाखालची बॅटरी

माझं संशोधन लेड-ॲसिड बॅटरीवर आहे हे कळलं की लोक दोनपैकी एक प्रश्न विचारतात. पहिला, आमच्या इन्व्हर्टरमध्ये पाणी कधी टाकायचं? दुसरा, आता लिथियमच्या जमान्यात हे जुनं कशाला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी पाणबुडीचं उदाहरण देते, आणि मग समोरचा हमखास म्हणतो, "हो हो, द गाझी अटॅक बघितलाय!" म्हणून या वेळी त्या चित्रपटाबद्दलच लिहिते. भिवापूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. आमच्याकडे बहुतेकांनी पाणबुडी आतून बघितली ती याच चित्रपटात, त्यामुळे त्यात काय दाखवलं आणि काय नाही याला महत्त्व आहे.

संकल्प रेड्डी दिग्दर्शित हा चित्रपट फेब्रुवारी 2017 मध्ये आला. आधी चांगलं सांगते. अरुंद बोगद्यासारखी जागा, सोनारवर कान लावून बसलेली माणसं, आवाज होऊ नये म्हणून रोखलेला श्वास, हे सगळं छान जमलंय. के. के. मेनन यांचा तापट कप्तान, राणा दग्गुबातीचा नियमाला धरून चालणारा अधिकारी आणि दोघांच्या मधे सापडलेला अतुल कुलकर्णी यांचा देवराज. यात देवराज मला सगळ्यात खरा वाटला. बंद डब्यात दोन वरिष्ठ भांडायला लागले की तिसऱ्याला काय काय गिळावं लागतं, हे ते नुसत्या डोळ्यांनी दाखवतात.

आता इतिहास. पाकिस्तानची गाझी ही मूळची अमेरिकन पाणबुडी, डायब्लो नावाची. 1971 मध्ये विक्रांतच्या शोधात ती बंगालच्या उपसागरात आली आणि 3-4 डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणम बंदराबाहेर बुडाली. नव्वदहून जास्त माणसं गेली. कशी बुडाली, यावर आजही तीन मतं आहेत. भारतीय नौदलाचं म्हणणं, राजपूत या विनाशिकेने टाकलेल्या डेप्थ चार्जमुळे. पाकिस्तानचं म्हणणं, स्वतःच पेरलेल्या सुरुंगामुळे. तिसरं मत असं की बॅटरी चार्ज करताना साठलेल्या हायड्रोजनचा आतल्या आत स्फोट झाला.

चित्रपटाने चौथीच गोष्ट रचली : आपली एस-21 आणि गाझी यांची पाण्याखालची झुंज. एस-21 म्हणजे करंज. पण खरी करंज तेव्हा अरबी समुद्रात, कराचीच्या बाजूला होती आणि तिचे कप्तान होते विजय सिंह शेखावत. ते पुढे नौदलप्रमुख झाले आणि मार्च 2021 मध्ये मुंबईत नवी करंज नौदलात आली तेव्हा प्रमुख पाहुणेही होते. म्हणजे खऱ्या करंजची खरी गोष्ट सांगणारा माणूस हयात होता. कल्पित कथा करायला माझी ना नाही. पण कल्पित कथेला खऱ्या बोटीचा नंबर दिला की शंभरातले नव्वद प्रेक्षक ते इतिहास समजूनच घरी जातात.

माझी मुख्य तक्रार मात्र वेगळी आहे. या चित्रपटात धोका येतो तो बाहेरून : सुरुंग, टॉर्पेडो, शत्रूचा कप्तान. आतला धोका म्हणजे काय, तर स्वभावांची भांडणं. पाणबुडीतल्या माणसांना ज्याची रोज काळजी असते, ते त्यांच्याच पायाखाली असतं.

थोडं विज्ञान सांगते, घाबरू नका. डिझेल पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की वर यायचं किंवा स्नॉर्केलची नळी वर काढून इंजिन लावायचं आणि चार्ज करायचं. चार्जिंग संपत आलं की वीज प्लेटमध्ये साठायच्या ऐवजी पाणी फोडायला लागते आणि हायड्रोजन-ऑक्सिजन सुटतात. इन्व्हर्टरमध्ये पाणी कमी होतं ते मुख्यतः याचमुळे. एका सेलमध्ये एक ॲम्पिअर-तास इतकी वीज जादा गेली तर साधारण 0.42 लिटर हायड्रोजन निघतो. घरी हे किरकोळ आहे, खिडकी उघडी असते.

गाझीच्या जातीच्या पाणबुडीत 126-126 च्या दोन बॅटऱ्या, म्हणजे 252 सेल. समजा चार्जिंगच्या शेवटी तासभर 100 ॲम्पिअर नुसते पाणी फोडण्यात गेले. गुणाकार करा : सुमारे साडेदहा हजार लिटर, म्हणजे साडेदहा घनमीटर हायड्रोजन. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो. म्हणजे एवढा वायू अडीचशे घनमीटर हवेला पेटण्याजोगं करायला पुरे. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच अशा जवळपास नऊ खोल्या! पेटायला ठिणगी तरी केवढी लागावी? सिंथेटिक कपडा अंगावरून काढताना चटचट होते, त्याच्याही कितीतरी कमी. आणि हायड्रोजनला वास नाही, रंग नाही. म्हणून पाणबुडीत पंखे, मोजणारी यंत्रं आणि हायड्रोजन हळूहळू जाळून पाणी करणारे उत्प्रेरक असतात. यातलं काहीही बंद पडलं तरी पडद्यावर दिसण्यासारखं काहीच घडत नाही. अडचण तीच आहे. माझं कामही इथेच येतं : प्लेटच्या शिशात अँटिमनी घातला तर ती मजबूत होते, पण हायड्रोजन लवकर सुटायला लागतो. ताकद राखून वायू कमी कसा करायचा, यावर आमची चार वर्षं चाललीत.

हे पुस्तकी भय नाही. फेब्रुवारी 2010 मध्ये विशाखापट्टणमला सिंधुरक्षकवर आग लागली आणि एक नौसैनिक गेला. बॅटरीच्या सदोष व्हॉल्व्हमधून हायड्रोजन गळाल्याचं कारण पुढे आलं. तीच पाणबुडी रशियातून दुरुस्त होऊन आली आणि 14 ऑगस्ट 2013 च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौदल गोदीत पुढच्या भागातल्या शस्त्रांच्या स्फोटांनी धक्क्यालाच बुडाली. 18 जण गेले. सहा महिन्यांत, 26 फेब्रुवारी 2014 ला, मुंबईजवळच्या समुद्रात सिंधुरत्नमध्ये धूर कोंडला आणि कपिश मुवाल व मनोरंजन कुमार हे दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख डी. के. जोशी यांनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. 2017 मध्ये, गाझी प्रदर्शित झाला त्याच वर्षी, अर्जेंटिनाची सान हुआन 44 जणांसह गेली. स्नॉर्केलमधून पाणी बॅटरीपर्यंत पोचल्याचा आणि शॉर्ट सर्किट झाल्याचा निरोप तिने आधी पाठवला होता.

यातल्या एकाही प्रसंगात समोर शत्रू नव्हता. मग यावर चित्रपट कसा काढायचा? राष्ट्रगीत कुठे म्हणायचं? गाझीमध्ये आपले जवान राष्ट्रगीत गाऊन शत्रूच्या कप्तानाला चिथावतात आणि थिएटरमध्ये शिट्ट्या पडतात. धूर भरलेल्या कप्प्यात विझवणाऱ्या माणसाचं शौर्य त्याहून कमी नाही, पण त्यावर शिट्टी वाजत नाही. आणि तो धूर आला कुठून, हे विचारायला गेलं की गोष्ट दुरुस्तीच्या तारखा, सुटे भाग, केबल, फायली इथपर्यंत जाते. चित्रपट तिथे जायला तयार नाही. गाझीचं तिसरं मत त्याने वगळलं ते मला यासाठी खटकतं. ते मत खरं असेल तर ती माणसं ज्याने मेली, त्याच वायूने 38 वर्षांनी आपलाही एक माणूस नेला. शत्रूच्या आणि आपल्या पाणबुडीत केमिस्ट्री एकच असते.

राहणीमानाचंही तसंच. पाणी मोजून, आंघोळ जवळपास नाही, एक उठला की त्याच्या ऊबदार बंकवर दुसरा झोपणार, अंगाला डिझेलचा वास. चित्रपटातले चेहरे शेवटपर्यंत बऱ्यापैकी ताजेतवाने!

बघू नका असं म्हणत नाही; सोनारच्या प्रसंगांसाठी जरूर बघा. आणि कधी विशाखापट्टणमला गेलात तर समुद्रकिनाऱ्यावर कुरसुरा ठेवलेली आहे, करंजचीच बहीण, 2002 पासून संग्रहालय. आत शिरलात की सगळे टॉर्पेडोच्या नळ्यांसमोर फोटो काढत असतात. तुम्ही मधल्या कप्प्यात थांबा आणि उभे आहात तिथली जमीन बघा. बॅटरी त्याखाली असायची. तिच्यावरच माणसं जेवायची आणि झोपायची.