लक्षण आणि लक्ष्य : फॅसिझमच्या व्याख्यांविषयी

न्यायशास्त्राने लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत : अतिव्याप्ती, अव्याप्ती आणि असंभव. फॅसिझमच्या रूढ व्याख्या प्रत्यक्ष राजवटींना लावून पाहिल्या, की हे तिन्ही दोष क्रमाने समोर येतात.

उंबेर्तो एको यांनी १९९५ साली फॅसिझमची चौदा लक्षणे नोंदविली आणि त्यांतील एकाभोवतीही फॅसिझम आकार घेऊ शकतो, असे सुचविले. परंतु परंपरेची पूजा किंवा मतभेदाचा तिरस्कार कितीतरी जुन्या राजेशाह्यांतही आढळतो. ही अतिव्याप्ती होय. उलट, रॉजर ग्रिफिन यांनी १९९१ मध्ये राष्ट्राच्या पुनर्जन्माचे मिथक हा फॅसिझमचा गाभा मानला. या काटेकोर व्याख्येतून सालाझारचा पोर्तुगाल निसटतो. १९३३ चा, इटलीच्या श्रमसनदेवर बेतलेला कामगार कायदा आणि १९३६ मधील अर्धलष्करी दल ही उपकरणे फॅसिस्ट वळणाची खरी. पण निळ्या सदऱ्यांच्या राष्ट्रीय सिंडिकॅलिस्ट चळवळीवर १९३४ मध्ये बंदी घातली ती सालाझारनेच. जनतेला चेतविण्यापेक्षा निद्रिस्त ठेवणे त्याला मानवणारे होते. त्याला वगळणे अव्याप्ती ठरते की नाही, हा वाद म्हणूनच मिटत नाही.

खरी अडचण मुसोलिनीपाशी येते. १९१९ चा त्याचा जाहीरनामा धर्मसत्तेच्या विरोधात होता. १९२२ मध्ये राजाच्या निमंत्रणावरून तो संमिश्र मंत्रिमंडळाचा प्रमुख झाला. १९२९ मध्ये त्याने पोपशी करार केला. आणि १९४३ मध्ये त्याच राजाने त्याला पदच्युत केले. शुद्ध व्याख्या मूळ लक्ष्यालाही पुरती लागू पडत नाही. ती असंभवाकडे झुकते. याचे कारण उघड आहे : व्याख्या चळवळीच्या घोषणांवरून बेतली जाते, राजवट मात्र तडजोडींतून घडते. रॉबर्ट पॅक्स्टन यांनी २००४ मध्ये फॅसिझमच्या पाच अवस्था कल्पून व्याख्या ग्रंथाच्या अखेरीस दिली, ती या जाणिवेतूनच.

तथापि वर्गीकरण म्हणजे न्यायनिवाडा नव्हे. १९४६ मध्ये गोव्याच्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा सुनावली आणि पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात डांबले. सालाझारची राजवट फॅसिस्ट नव्हती असे सिद्ध झाले, तरी त्या किल्ल्याच्या भिंती तसूभरही खचत नाहीत. ‘फॅसिस्ट नव्हे’ या निष्कर्षाला निर्दोषत्वाचा दाखला समजणे, हा व्याख्येचा नव्हे, तर व्याख्या वापरणाऱ्याचा दोष आहे.