शब्दांचे कूळ आणि लेखनाची साक्ष

मराठीतील युरोपीय शब्दांची यादी देताना तिला 'पोर्तुगीज-स्पॅनिश' असे जोडशीर्षक देण्याची प्रथा प्रबंधांतून अधूनमधून आढळते. ही प्रथा शास्त्रशुद्ध नव्हे. दोन्ही भाषा लॅटिनच्या कन्या असल्याने त्यांत शेकडो शब्द सारखे आहेत हे खरे. परंतु त्यांच्या लेखनातील नियमित भेद हाच कुलनिर्णयाचा उत्तम पुरावा होय, आणि नेमका तोच दुर्लक्षिला जातो.

'चावी' हा शब्द पाहावा. लॅटिन 'क्लाविस'मधील 'क्ल'च्या जागी स्पॅनिशमध्ये दोन 'एल' लिहितात, पोर्तुगीजमध्ये 'सीएच'. या 'सीएच'चा उच्चार आज लिस्बनमध्ये 'श' होतो, पूर्वी तो 'च' होता. म्हणजे आपली चावी पोर्तुगीज तर आहेच, शिवाय तिच्यात तो जुना उच्चारही शिल्लक आहे. 'पाव'चेही तसेच. स्पॅनिश 'पान'मध्ये अंत्य 'न' टिकला. पोर्तुगीजमध्ये तो लोपून स्वर अनुनासिक झाला, आणि लेखनात 'ए'वर नागमोडी रेघ देऊन पुढे 'ओ' लिहू लागले. त्या 'आँव'चा आपण 'आव' केला. 'लिलाव' याच घडणीचा. 'साबण' मात्र सर्रास पोर्तुगीज म्हणून नोंदविला जातो, तो या कसोटीस उतरत नाही. त्यातील 'ण'चा उलगडा करावयाचा तर अरबी-फार्सी 'साबून'कडे आधी पाहिले पाहिजे. दोन उदाहरणांनी नियम सिद्ध होत नाही हे मान्य; पण पुराव्याचा भार आता दुसऱ्या पक्षावर आहे.

'बटाटा' मूळचा कॅरिबियन बेटांतला, स्पॅनिशमार्फत युरोपात गेलेला. तरीही स्पेनमध्ये 'बताता' म्हणजे रताळे. बटाट्याला तेथे 'पताता' म्हणतात. आपल्या शब्दाचे रूप आणि अर्थ ही दोन्ही पोर्तुगीजशीच जुळतात. 1580 ते 1640 या काळात पोर्तुगालवर स्पेनच्या राजाची सत्ता होती, या आधारावर जोडशीर्षकाचे समर्थन करता येणार नाही. पोर्तुगालचा आणि त्याच्या वसाहतींचा कारभार त्या काळातही पोर्तुगीजांच्याच हाती होता.

आडनावांनाही हीच कसोटी लागते, आणि त्यासाठी गिरगावच्या खोताच्या वाडीपलीकडे जाण्याचे कारण नाही. तेथील 'फरेरा' स्पेनमध्ये 'एरेरा' होतो, कारण आरंभीच्या 'फ'चा तेथे अनुच्चारित 'एच' झाला. ईस्ट इंडियन समाजातील फर्नांडिस, रॉड्रिग्ज, गोम्स यांच्या अखेरीस रोमन लेखनात 'एस' असतो. स्पॅनिश असते तर 'झेड' असता. देवनागरी 'रॉड्रिग्ज'मधील 'ज' इंग्रजी उच्चाराचा. तो हा भेद झाकतो, एवढेच नव्हे तर उलट दिशेची दिशाभूल करतो.

आणखी एक गफलत याहून गंभीर आहे. ही आडनावे बाप्तिस्म्याबरोबर आली, वंशाबरोबर नव्हे. 'ईस्ट इंडियन' हे नावसुद्धा 1887चे. ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या मराठीची एक बोली बोलली गेली, त्यांची भाषा केवळ दारावरची पाटी वाचून 'पोर्तुगीज' ठरविणे हे भाषाविज्ञान नव्हे. वाडीतील शब्द गोळा करणाऱ्यांनी आपल्या तक्त्यात मूळ रोमन लेखनाचा एक रकाना ठेवावा, आणि घरातील बोलीचा दुसरा.