कुंभाराचे मडके आणि नागर दिवाणखाना

खेड्यातील मृत्पात्रांचे शहरी घरांसाठी पुनरुज्जीवन करावे, हा विचार अलीकडे वारंवार मांडला जातो. त्यामागील सद्धेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द जितका श्रुतिमधुर तितकाच संदिग्ध आहे. नेमके काय जिवंत करावयाचे? पात्राचा आकार, त्याचा उपयोग, की ते घडविणाऱ्याची विद्या? या तीन गोष्टी खेड्यात एकत्र नांदत होत्या. शहरात येताना त्यांची ताटातूट होते. अशा वेळी त्यांपैकी काय टिकले असता पुनरुज्जीवन झाले असे म्हणावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

साध्या माठाचेच उदाहरण घेऊ. आव्यात भाजलेली माती सामान्यतः ७०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पक्की होते. तिच्यातील सूक्ष्म छिद्रे बुजत नाहीत. या छिद्रांतून पाणी झिरपते, बाहेरच्या पृष्ठावर त्याची वाफ होते आणि तीबरोबर आतील उष्णता निघून जाते. म्हणूनच विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ जेवढा उपकारक ठरतो, तेवढा कोकणच्या दमट हवेत ठरत नाही. त्याचा गोल तळ ही देखील लहर नव्हे. चाकावरून उतरविलेले जाड भांडे आतून दगडी गोळ्याचा आधार देऊन बाहेरून थापटण्याने ठोकीत वाढविले म्हणजे भिंत पातळ व एकसारखी होते. आणि कोपरा नसल्याने तापताना किंवा निवताना ताण एका ठिकाणी साचत नाही. चुलीच्या तीन दगडांवर, डोईवरच्या चुंबळीवर किंवा तिवईवर असाच तळ नीट बसतो. तात्पर्य, ज्याला आपण आकार म्हणतो तो माती, अग्नी आणि व्यवहार यांनी मिळून दिलेला निर्णय असतो.

आता हाच माठ शहरी दिवाणखान्यात कसा येतो ते पाहावे. त्याला तैलरंग फासला जातो, वर रोगण चढते, कधी आरशाचे तुकडे चिकटविले जातात. त्याबरोबर छिद्रे बुजतात. जे पात्र पाणी निववीत होते ते आता निवलेल्या कौतुकाचा विषय होते. शोभेच्या वस्तूला आक्षेप नाही. मोलेल्याची मृण्मय देवशिल्पे किंवा आपल्याकडील गौरी-गणपती उपयोगाच्या भांड्यांहून वेगळ्याच वर्गात मोडतात. आक्षेप आहे तो उपयोगाच्या भांड्याला निरुपयोगी करून त्यालाच परंपरेचे रक्षण म्हणण्याला.

चार्ल्स व रे ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात लोट्याचे जे विवेचन केले आहे, ते या संदर्भात मननीय आहे. लोटा धातूचा, पण मुद्दा मडक्यालाही लागू पडतो. किती पाणी मावावे, भरलेले व रिकामे भांडे कसे तोलले जावे, ते कसे धरावे, कसे ओतावे, किंमत काय पडावी, असे कितीतरी प्रश्न त्या आकृतीत सुटलेले आहेत. आणि ते कोणा एका कलावंताने नव्हे, तर पिढ्यांनी सोडविले आहेत. यावरून लोट्याची नक्कल करावी हा धडा निघत नाही. आपल्या काळाचे प्रश्न त्याच कसोशीने विचारावेत हा निघतो.

जपानचा अनुभव याहून गुंतागुंतीचा आहे. यानागी सोएत्सु आणि त्यांचे सहकारी यांनी १९२५ मध्ये ‘मिंगेई’ ही संज्ञा रूढ केली. अनामिक कारागिरांनी नित्याच्या वापरासाठी केलेल्या वस्तूंतच खरे सौंदर्य असते, हा त्यांचा सिद्धांत. हामादा शोजी यांनी १९२४ पासून ज्या माशिको गावी काम केले, तेथील कुंभार टोकियोच्या स्वयंपाकघरांना रांजण-बरण्या पुरवीत असत. हामादांच्या कीर्तीमुळे हे गाव भोजनपात्रांचे केंद्र बनले व टिकले. तथापि अनामिकाची महती गाणाऱ्या चळवळीतूनच नामांकित कलावंत उदयास आले. हामादा आपल्या भांड्यांवर सही करीत नसत, तरी १९५५ मध्ये त्यांना राष्ट्रीय सन्मान मिळाला आणि त्यांची पात्रे संग्राहकांकडे गेली. यश आणि विसंगती एकाच आव्यातून निघाली, असे म्हणावयास हरकत नाही.

याउलट गतकाळाचे चित्रही गुलाबी रंगविता कामा नये. आपल्याकडे कुंभार हा बलुतेदार होता. त्याच्या मडक्याचे मोल गावच्या धान्यात आणि जातीच्या चौकटीत ठरत असे. घरातील स्त्री माती मळी, भांडी रंगवी, बाजारास नेई. पण चाकाला तिने हात लावू नये असा दंडक पुष्कळ ठिकाणी होता. हे सारे परत आणावे असे कोणी म्हणणार नाही. २०१८ पासून खादी व ग्रामोद्योग आयोगाने विजेवर चालणारी चाके वाटली, तेव्हा परंपरा भ्रष्ट झाली अशी हळहळ काहींना वाटली असेल. परंतु कष्ट कमी झाल्याने कारागिराची विद्या कमी होत नाही.

नुसती मागणी वाढविणे हाही उपाय पुरेसा नाही. २००४ मध्ये रेल्वेस्थानकांवर कुल्हड आणण्याची घोषणा झाली. प्लास्टिकहून ते निश्चितच निर्दोष. पण एकदा भाजलेली माती पुन्हा मळता येत नाही, आणि एका घोटासाठी केलेल्या पात्रात कौशल्याला वावही थोडा.

मग मार्ग कोणता? तो बाजारातच दिसतो. सपाट बुडाचा, तोटी बसविलेला माठ आज शहरात सर्वत्र मिळतो. ओट्यावर तो स्थिर राहतो, त्यात ओगराळे बुडवावे लागत नाही आणि त्याची छिद्रे उघडी आहेत. वांकानेर येथे मनसुखभाई प्रजापती यांनी विजेवाचून भाजी टिकविणारे मातीचे शीतकपाट तयार केले, तेही झिरपण्याच्या याच गुणावर. येथे आकार बदलला, पण मातीचे काम बदलले नाही; आणि नव्या आकाराला तडा जाऊ नये म्हणून कुंभाराला आपली विद्या पुन्हा पणास लावावी लागली. जुन्या आकाराला नवा रंग देताना तिची गरजच पडत नाही. पुनरुज्जीवनाची कसोटी हीच मानावी, असे आम्हांस वाटते.

तेरच्या गोरोबांची आख्यायिका प्रसिद्ध आहे. संतांच्या मेळाव्यात थापटण्याने एकेकाची डोकी ठोकून त्यांनी कच्चे मडके कोणते ते सांगितले. मडक्याचा पक्केपणा त्याच्या रूपावरून नव्हे, नादावरून कळतो, हे कुंभार जाणतो. शहराच्या दुकानात मांडलेल्या मृत्पात्रांवर समीक्षकानेही तेच थापटणे चालवावे. ज्यातून कामाचा नाद उमटत नाही, ते कितीही देखणे असले तरी कच्चेच होय.